स्टेजवरचा पोस्टमास्तर आणि माझा बिनसाखरेचा चहा

माझा नवरा गेला. पण कोणता गेला, हे मला अजून कळलेलं नाही.

आज तिसरा दिवस. तुम्ही सगळे लिहून राहिलात, “अण्णांसारखा कॅरेक्टर आर्टिस्ट होणे नाही.”
कोणाला त्यांचा हवालदार आठवतो, कोणाला सिरियलमधला खडूस आजोबा.

कॉमेंट वाचते आणि जळते. खरं तेच लिहिते, सुतकात खोटं कशाला बोलू?

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हा माझं लग्न झालं. देऊळगाव राजाला. मी मॅट्रिक, हे कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून आणि संध्याकाळी गावच्या नाटक मंडळीत.

यांची एक पद्धत होती. रोल मिळाला की आधी त्या माणसाच्या चपला घरी यायच्या. नाटक संपेपर्यंत घरातही त्याच पायात.
“आधी चाल येते, मग बोलणं येतं,” म्हणायचे.

म्हणजे प्रत्येक नाटकाला माझ्या घरी नवा नवरा.

सावकाराचा रोल होता तेव्हा महिनाभर माझ्या डाळीच्या डब्यांची झाकणं उघडून पाहत होते.
खाष्ट सासूचा होता तेव्हा माझं लुगडं नेसून अंगणात येरझारा.
सासूबाई म्हणाल्या, “काऊन रे, या घरात एक सासू कमी पडत होती काय तुले?”

आणि रोल नसला की? रोल नसला की घरात कोणीच नसायचं. जेवण, पेपर, झोप. विचारलं तर “हं.” नाही विचारलं तर तेही नाही.

मग तो पोस्टमास्तर आला.

कुरकुरणाऱ्या तपकिरी चपला. नाटकातला हा पोस्टमास्तर बडबड्या, बायकोवर जीव टाकणारा. ऑफिसातून आला की टोपी काढायच्या आधी विचारायचा, “जेवलीस का?”

पहिल्यांदा घरी विचारलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, सासूबाईंना विचारलं.

“तुलेच विचारून राह्यलो वं!”

तालमी चालल्या तेवढे दिवस तो माणूस माझ्या घरी राहिला. भाजी निवडताना पाटावर येऊन बसायचा. जिनिंगमधल्या गमती सांगायचा. मी हसले की पुन्हा सांगायचा.

मला तो ठेवून घ्यायचा होता. एवढंच हवं होतं मला. दागिना नको, काही नको.

म्हणून मी गावच्या बालाजीला नवस बोलले. देवा, हे नाटक चालू दे. चालेल तोवर मी चहात साखर घालणार नाही.
(साखर तेव्हा मिळायचीही मोजकीच, पण नवस मनापासून होता.)

नाटक चालेल तोवर चपला पायात, चपला पायात तोवर तो माणूस घरात. असा माझा सरळ हिशेब.

बालाजी पावला. फारच पावला.

बालाजीच्या यात्रेत नाटक इतकं रंगलं, की एका ठेकेदाराने अख्खी मंडळी दौऱ्यासाठी उचलली. खामगाव, अकोला, अमरावती, जालना! यांनी बिनपगारी रजा घेतली आणि तपकिरी चपला घालून एसटीत बसले.

मी देऊळगावात बिनसाखरेचा चहा पिऊन राहिले, आणि माझा नवरा अकोल्यात दुसऱ्याच बायकोला विचारतोय, जेवलीस का!

स्टेजवरच्या त्या बायकोचं काम आमच्याच गल्लीतला एक शिंपी करायचा. गुळगुळीत दाढी करून.
हसा. पण मला त्या शिंप्याचा मत्सर वाटायचा. पुढे कित्येक वर्षं मी त्याच्याकडे पोलकी शिवायला टाकली नाहीत.

शेवटी सासूबाईंना घेऊन जालन्याला गेले, नाटक बघायला. बायकांच्या बाजूला बसलो. हे स्टेजवर आले. टोपी काढायच्या आधी विचारलं. शिंपी लाजला. मंडपातल्या सगळ्या बायका “अगं बाई!”

शेजारची म्हणाली, “असा नवरा जिला मिळाला, तिनं काय पुण्य केलं असंल!”

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. “हेच ते पुण्य.”

तिने मला नीट न्याहाळलं. “मग तोंड असं काऊन वं?”

“हिचा चहा बिनसाखरेचा हाय,” सासूबाई म्हणाल्या.

नाटक संपलं. त्या दौऱ्याचा तो शेवटचा प्रयोग होता, हे मला तिथेच कळलं. मी धावत रंगपटात गेले. हे तोंडाचा रंग पुसत होते. पायात चपला दुसऱ्याच. काळ्या, टाच झिजलेल्या.

मी विचारलं, “अहो, जेवलात का?”

हे कानाला हात लावून म्हणाले, “आँ?”

पुढच्या नाटकात बहिऱ्या म्हाताऱ्याचा रोल मिळाला होता.

घरी आल्यावर मी चहात दोन चमचे साखर घातली.

पुढे नाव झालं. मुंबईला जाऊन-येऊन राहिले, सिनेमात नोकर, वकील, भटजी, डाकू, सगळं केलं. लोक सेल्फीला यायचे. मी पाणी द्यायचे.

तो पोस्टमास्तर पुन्हा आला नाही. मी दर नव्या चपलांकडे पाहायचे.

गेल्या थंडीत, अंथरुणाला खिळले होते तेव्हा, एकदा धीर करून विचारलंच.
“तो पोस्टमास्तर तुम्ही घरी काऊन नाही ठेवला?”

छताकडे पाहत म्हणाले,
“बाकीचे सगळे थोडे थोडे माझ्यात होते वं. सावकार होता, बहिरा होता. तो एकटाच नव्हता. रोज नव्याने आणावा लागायचा. लय दमवलं त्यानं मले.”

आणि कूस बदलली.

म्हणजे त्या तालमीच्या दिवसांत रोज संध्याकाळी, माझ्यासमोर पाटावर बसायला, हा माणूस दमून जायचा. हे मी कुठे मांडू, जमेला की खर्चाला?

असो. तुम्ही श्रद्धांजली वाहा. हवालदाराला वाहा, खडूस आजोबाला वाहा, डाकूलाही वाहा. ते तुमचेच होते.

पोस्टमास्तरला कोणी वाहू नका.

त्याला मी एकटी वाहणार.