बाटली टाकू का?

गॅरेजमध्ये जुनं ऑइल आणि किस्से सारखेच साचतात. ऑइल न्यायला महिन्याला टेम्पो येतो. किस्से न्यायला कोणी येत नाही!

मी नववीत शाळा सोडून भोरच्या या गॅरेजात आलो, त्याला दहा वर्षं झाली. मला लोकांशी बोलायला जमत नाही, म्हणून मालक दत्ताअण्णांनी मला बॉनेटखालचं काम दिलं. पण बॉनेट उघडलं की माणूस वाकून विचारतोच, "इंजिन साफ करायची बाटली टाकू का रं?"

परवा हाच प्रश्न सोपानमामांनी विचारला. वेल्ह्याकडच्या त्यांच्या वाडीत एसटी दिवसातून दोनदा. बाकी सगळा भार मामांच्या जुन्या जीपवर. ती बसली तर कॉलेजची पोरं, दुधाचे कॅन आणि मामांचा धंदा, सगळं वाडीतच बसणार. तिचा ऑइलचा दिवा चार दिवस चढाला लुकलुकत होता, म्हणजे इंजिनाला ऑइल पुरत नव्हतं, आणि मामांच्या हातात पाहुण्यानं दिलेली बाटली होती. जुन्या ऑइलात ओतायची, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचं, मग ऑइल सोडायचं. आतली घाण बाहेर!

अण्णा आंबवड्याला साखरपुड्याला गेलेले, फोन लागेना. मामांना तोंडावर नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. म्हणून चहा मागवला आणि मला जमतात ते किस्से सुरू केले.

*

पहिला, अशाच बाटल्या विकायला आलेल्या साहेबांचा.

टाय, इस्त्रीचा शर्ट. टेबलावर काचेचा ग्लास ठेवला, त्यात आमचंच काळं ऑइल घेतलं, वरून बाटलीतले थेंब सोडले. ग्लासाच्या कडेचा काळा थर सुटून खाली आला. बघणारे सगळे खूश!

अण्णा ग्लासाकडे बघतच नव्हते. ते बाहेर साहेबांच्या चालूच ठेवलेल्या गाडीच्या सायलेन्सरकडे बघत होते. त्यातून निळा धूर येत होता, म्हणजे इंजिन ऑइल जाळत होतं.

"साहेब, तुमच्या गाडीत टाकता का हे?"

साहेब म्हणाले, "गाडी माझी नाही हो, कंपनीची आहे!"

"म्हंजी कंपनीबी टाकत न्हाई व्हय?"

साहेबांनी ग्लास न धुताच बॅगेत भरला.

मामा हसले. पण बाटली मांडीवरच होती.

*

दुसरा किस्सा माझ्या चुकीचा.

भोरमधले एक काका, बँकेतून रिटायर झालेले. सर्व्हिसिंगला गाडी देताना पेट्रोलच्या टाकीत टाकायची बाटली माझ्या हातात दिली. बजावून सांगितलं, "विसरू नकोस."

मी विसरलो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा पुण्याहून फोन. "अरे, पिकअप काय वाढलाय! बोगद्याच्या चढाला गिअर बदलावा लागला नाही. बाटली म्हणजे बाटली!"

बाटली माझ्या टूलबॉक्समध्ये होती. सील न फोडलेली.

मला दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो, बाटली पुढे केली आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. काकांनी बाटली फिरवून सील तपासलं.

"आता टाकू का, काका?"

"छे! एवढी चांगली चाललीये, मुद्दाम कशाला बिघडवतोस?"

*

उत्रोलीचे एक शेतकरी दादा तर बाटली घेऊन ट्रॅक्टरसमोर अर्धा तास उभे होते. ऑइलात ओतायची की डिझेलात, कळेना. पोरगं शाळेत, वाचून दाखवायला कोणी नाही. शेवटी अर्धी हितं, अर्धी तितं असा न्याय करायला निघाले, तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या.

"त्यापरीस तुमीच घ्या चमचाभर! सकाळी तुमचंबी इंजिन लवकर उचलत न्हाई!"

दादा तीच बाटली घेऊन ट्रॅक्टरसकट गॅरेजात आले. मी एअर फिल्टर काढून झटकला. ट्रॅक्टरला दुसरं काही झालेलंच नव्हतं.

*

इथं मामांनी मला बरोबर पकडलं. "म्हंजी कुनालाच गुण न्हाई आला?"

खोटं कसं बोलू? एका डॉक्टरांची पेट्रोल गाडी वर्षभर उभी होती, झटके खात होती. टाकीत बाटली टाकली आणि झटके थांबले. हे मी स्वतः बघितलंय.

"बघ की!"

"पण मामा, त्याच दिवशी मी प्लगबी बदलले होते."

"मग गुण कुणाचा?"

"अण्णांनीबी हेच विचारलं. म्हणाले, फुडच्या टायमाला एका वेळी एकच काम कर, म्हंजी कळंल तरी!"

*

चहा संपला. मामा उठले, बॉनेटकडे गेले आणि बाटलीचं बूच फिरवायला लागले. वाडीची पोरं स्टँडवर वाट बघत होती.

मी ऑइलचं झाकण काढून बघितलं. आतून काकवीसारखा थर. हा सुटला तर जाणार कुठं?

"न्हाई मामा," मी म्हणालो. माझाच आवाज मला मोठा वाटला. "चेंबर उतरवल्याशिवाय मी टाकू देणार न्हाई."

मामांनी फिरवलेलं बूच परत घट्ट केलं. "तुला न्हाईबी म्हणता येतं व्हय रं?"

तीन तास लागले. इंजिनाखालचं, ऑइल साठतं ते चेंबर उतरवलं, तर पंपाकडे जाणारं ऑइल गाळणारी जाळी अर्ध्याच्या वर गाळानं बुजलेली. बाटलीनं सुटलेला वरचा थर तिच्यावर येऊन बसला असता, तर घाटात ऑइलचा थेंब वर चढला नसता आणि इंजिन जाम झालं असतं. मी डिझेल आणि ब्रश घेऊन घासायला बसलो. गाळ हटेना.

मामा बाजूला उकिडवे बसले. त्यांनी बाटलीचं बूच काढलं आणि सगळी जाळीवर ओतली.

पाच मिनिटांत जाळी आरपार दिसायला लागली!

नवं ऑइल भरलं. दिवा विझला तो विझलाच. मामा हॉर्न वाजवत स्टँडकडे गेले.

दोन दिवसांनी शटर उघडलं, तर बाहेर तीन जीपा. तिन्ही ड्रायव्हरांच्या हातात तसल्याच बाटल्या.

पहिला म्हणाला, "मामांच्या गाडीला टाकलीस तशी टाक. लई गुण आला म्हनं!"

मी बाटली घेतली आणि जॅक लावला.

"आरं, बाटली टाकायला चेंबर कशाला उतरवतोस?"

मी म्हणालो, "मामांच्या गाडीलाबी अशीच टाकली."