ओल्या धानाची खोली

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाखनीला घराच्या छपरीत चहा घेऊन बसलो होतो. बाहेर दाट धुकं होतं. हायवेवरचे ट्रक दिसत नव्हते, नुसता त्यांचा आवाज येत होता. "मास्तर, मोठेबाबा गेले... झोपेतच," त्याचा पुतण्या म्हणाला. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि बराच वेळ त्या धुक्याकडे पाहत राहिलो. त्यातून वसंता कधीही चालत येईल, असं वाटत होतं.

पवनीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी मास्तर झालो, तो धानाचा व्यापारी. कोणाचंही धान तो ओंजळीत घ्यायचा, नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटायचा. तेवढा वेळ तो दुकानात नसायचाच, दूर कुठल्यातरी बांधावर जाऊन यायचा. एका पावसाळ्यात वैनगंगा फुगली आणि पाणी त्याच्या घरात शिरलं. ओसरलं तेव्हा भिंतींवर गाळाची रेघ आणि गोदामात भिजलेली पोती उरली. पुढच्या काही महिन्यांत त्याच्या बायकोला, शकुंतलावहिनींना, धाप लागू लागली. नदीकाठच्या बऱ्याच घरांत तसाच खोकला होता. दमा आहे, सर्दी आहे, वय झालं... ज्याला जे सुचलं ते त्याने सांगितलं. वहिनी नागपूरच्या दवाखान्यात गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

तिथेच मृणाल भेटली, श्वासाचे आजार पाहणारी तरुण डॉक्टर. वसंताने तिला विचारलं, "बेटा, पुरानंतरच हे काहून होते?" ती म्हणाली, "काका, यावर कोणी नीट पाहिलेलंच नाही. पाहायचं तर पैसे लागतात. पैसे देणारे म्हणतात, आधी थोडा पुरावा दाखवा. तो दाखवायलाही पैसेच लागतात." गावी आल्यावर वसंताने हायवेवरचा प्लॉट विकला आणि ते पैसे मृणालच्या कामाला दिले. नव्या गोदामासाठी किती हौसेने घेतला होता त्याने! त्यापेक्षा दवाखाना बांध, असं लोकांनी समजावलं, मीही समजावलं. तो नदीकडे पाहत म्हणाला, "दवाखाना बांधीन तं त्याच्यावर माझं नाव लागन, हे मले समजते. पण हिले काय झालं, ते मले समजलं पाहिजे ना रे..."

मृणालचा पहिला अंदाज ओल्या भिंतींचा होता. ती आणि तिच्या दोन सहकारी पवनीत, कोंढ्यात घरोघर फिरल्या. माणसं नळीत फुंकायची, यंत्र त्यांचा श्वास मोजायचं. वर्ष सरलं आणि अंदाज चुकला. ओल्या भिंतींच्या घरात आणि कोरड्या भिंतींच्या घरात काही फरकच नव्हता. चौकात हसं झालं. वसंता मात्र शांत होता. "भिंत नाही, एवढं तं कळलं. आता दुसरं पाहू," म्हणाला आणि त्याने आणखी एका वर्षाचा खर्च उचलला.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मृणाल त्याच्या घरी आली तेव्हा मी तिथेच होतो. ती हातातली फाईल उघडेना. वसंताने पाणी दिलं. "सांग बेटा. आता कायले भेतं?" ती हळूहळू बोलली. ज्या घरांनी भिजलेलं धान टाकून न देता आतल्या खोलीत पसरून वाळवलं, तिथे धाप जास्त दिसत होती. धानावर बुरशी धरते, हलवलं की तिची धूळ श्वासातून आत जाते. "अजून खात्री नाही, काका. ही नुसती सुरुवात आहे."

वसंता उठून आतल्या खोलीच्या दारात उभा राहिला. त्या पुरानंतर त्यानेच पोती तिथे आणून ओतली होती. वहिनी दिवसभर ते धान हलवत बसायच्या, तिथेच निजायच्या... दुपार कलली. ऊन खोलीतून सरकत भिंतीवर चढलं. शेवटी तो पाठमोराच म्हणाला, "मीनंच आणलं होतं. तिले काय मालूम..." मृणाल म्हणाली, "तुमचं घर यात धरत नाही, काका." तो वळला. "काहून नाही? आमचंही घर धर. अन् लिहून टाक."

तेवढ्या पुराव्यावर पुढे एका मोठ्या संस्थेने मृणालला पैसे दिले. काम अजून चालू आहे, पक्कं उत्तर यायला वेळ लागेल. वसंता उत्तरासाठी थांबला नाही. नदी चढली की तो काठच्या गावांत जायचा, दारोदार बसून आपल्या घरात काय झालं ते सांगायचा. धान आपणच आत आणलं होतं, हेही लपवायचा नाही.

तो गेल्यानंतरच्या पावसाळ्यात कोंढ्याकडे पाणी आलं. ओसरल्यावर मी उगाचच तिकडे गेलो. ढगांतून मऊ ऊन पडलं होतं. एका अंगणात म्हातारी बाई नाकातोंडाला लुगड्याचा पदर घट्ट बांधून ताडपत्रीवर धान पसरत होती. आत जागा नाही का, म्हणून विचारलं. पदर न सोडताच ती म्हणाली, "जागा हाय जी. पण वसंताभाऊ सांगून गेले ना, आत नेऊ नोको."