रामटेक्यांच्या गाडीतली दांडी

हर्षाने धनराज रामटेकेला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो दिसलाच नाही. आधी दिसली ती धूळ. ती मूल गावाच्या बाजूने उठली, वाटेतले दोन तलाव गिळत आली आणि सिंदेवाहीला हर्षाच्या माहेरच्या दारात येऊन थांबली. गावातल्या कोंबड्यांनी संध्याकाळ झाली समजून भरदुपारी खुराडी गाठली. एक बैल खुंट्यासकट जो पळाला तो शेजारच्या तालुक्यात सापडला. पाहुण्यांसाठी केलेल्या पोह्यांवर इतकी माती बसली, की त्यात धान रोवता आलं असतं. मग धुळीच्या पोटातून एक लाल, चेपलेली, जुनी गाडी निघाली आणि गाडीच्या पोटातून इस्त्रीच्या शर्टातला एक सडपातळ, बुजरा मुलगा. त्याने सगळ्यांना वाकून ‘जय भीम’ केला आणि मुलगी पाहायच्या आधी गाडीला सावली कुठे मिळेल ते विचारलं.

हर्षा चंद्रपूरला दवाखान्यात नर्स. वेगाने आलेली माणसं तिला रोज दिसायची, पण ती स्ट्रेचरवर. त्यामुळे होकार देण्याआधी तिने एक वचन घेतलं: रस्त्यावर गाडी बैलगाडीसारखी चालवायची.

धनराजने ते पाळलं. एरवीही त्याच्याइतका सावध माणूस भद्रावतीत नव्हता. वीज कंपनीत मीटर तपासायचं काम. घरी दूध उतू जाईल या भीतीने गॅस इतक्या लवकर बंद करायचा, की रामटेक्यांकडचा चहा अर्धकच्चा म्हणून नातेवाइकांत प्रसिद्ध. वर्षातून एकदोनदाच तो हैदराबादकडच्या रेसच्या ट्रॅकवर गाडी घेऊन जायचा. तिथून परतल्यावर आठवडाभर त्याचा चेहरा दहावीत पहिला आलेल्या मुलासारखा असायचा. बाकी वर्षभर तीच गाडी भाजी आणायची आणि त्याच्या आईला, सुगंधाबाईंना, गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायची.

एकदा त्याने कौतुकाने हर्षाला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. ट्रॅकवर कुणाची तरी गाडी वळणावर उलटली होती. चालकाने शेवटपर्यंत स्टिअरिंग कसं सांभाळलं ते तो समजावत होता. हर्षा छपराकडे पाहत होती. ते सीटच्या पाठीपर्यंत चेपलं होतं.

“याचं डोकं कुठी गेलं?” तिने विचारलं.

धनराजने व्हिडिओ बंद केला.

तिने निकाल दिला. गाडी उलटली तरी छप्पर डोक्यावर बसणार नाही असं लोखंड आत टाकायचं, नाहीतर ट्रॅक बंद. जानेवारीत ट्रॅकवर जायच्या आधी तिच्या डोळ्यांना दिसेल असं लोखंड.

मग त्या घरात लोखंडाखेरीज विषय उरला नाही. मुलीला स्थळं पाहावीत तशा धनराज दांड्या पाहू लागला. सगळ्या गाडीभर पाइपांचा पिंजरा करावा, तर तो ट्रॅकवर उत्तम. पण बाजारात जाताना डोक्यावर हेल्मेट नसतं, आणि नुसता ब्रेक लागला तरी कपाळ पाइपवर आपटायचं. शिवाय सुगंधाबाईंनी त्या पिंजऱ्यात गुडघा वाकवून शिरायचं कसं? शेवटी त्याचं मन अर्ध्या दांडीवर बसलं. पुढच्या सीटांमागे एक जाड कमान, तिला मागे दोन तिरपे पाय, फरशीला नटबोल्टने घट्ट, डोकं लागेल तिथे कडक फोम. उंची मात्र बेतायची: डोक्यापेक्षा वर, छपरापेक्षा खाली. ती मोजायला तो हेल्मेट घालून अंगणात गाडीत बसे, आणि सुगंधाबाई मागच्या सीटवरून त्याच्या डोक्यामागे खराटा आडवा धरून बसत. पोराला कुणाची तरी नजर लागली, असं शेजारी ठरवून मोकळे झाले.

बनवणार कोण? ताडोबाच्या मोहर्ली रस्त्यावर इसरू आत्राम वेल्डिंगचं काम करायचा. सफारीच्या कितीतरी जिप्सींचे पाइप त्याच्या हातचे. कामाची त्याची रीत ठरलेली: कागद बघायचा नाही, गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा विचारायचं नाही, आणि अर्धं काम द्यायचं नाही. धनराजने सगळी मापं सांगितली. इसरू तंबाखू मळत ऐकत होता, त्यामुळे धनराजला वाटलं, जरा सोपं करून सांगावं.

“जिप्सीले टाकता ना इसरूभाऊ, तशीच मजबूत पायजे.”

इसरूचा चेहरा उजळला. “असं बोला ना. मंग तुमी जा बेफिकीर.”

गाडी आणायला दोघं नवराबायको एसटीने गेले. धनराजने हेल्मेट मांडीवर धरलं होतं. हर्षाने फोम दाबून पाहायचं ठरवलं होतं. फाट्यावर उतरले, आणि वर्कशॉपच्या दारात पोचले.

गाडीला छप्पर नव्हतं.

काचांच्या वर जे काही होतं, ते सगळं गेलं होतं. कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या. मागे पायरी पायरीने चढत गेलेले दोन बाक, त्यांवर हिरवं रेक्झिन, आणि प्रत्येक बाकापुढे छातीइतक्या उंचीवर चकचकीत पाइपची एकेक आडवी दांडी. लाल छप्पर पळसाला टेकवलेलं होतं. त्याखाली इसरूच्या कोंबड्या सुखाने बसल्या होत्या.

हर्षाने अपघातात तुटलेले हातपाय पाहिले होते, पण तिला पहिल्यांदाच वाटलं, की आपल्याला चक्कर येईल. धनराज गाडीभोवती फिरला. परत उलट्या बाजूने फिरला.

“काऊन कापलं, भाऊ?” त्याने अगदी हळू विचारलं.

इसरूला प्रश्नच कळेना. “तुमीच म्हणलं ना, जिप्सीसारखी. छप्पर ठेवलं असतं तर वाघ दिसल्यावर टूरिस्ट उभा कुठी राह्यला असता?”

गाडी उलटली तर, एवढंच हर्षा म्हणाली. इसरूला ते लागलं. त्याची एकही जिप्सी आजवर उलटली नव्हती. जंगलात वीसच्या वर चालवतं कोण? तरी बाई नाराज दिसल्या म्हणून तो छप्पर परत जोडून द्यायला तयार झाला. कोंबड्यांना त्याने हाकललंसुद्धा.

धनराजने मान हलवली. कापून जोडलेलं छप्पर पहिल्याच लोळणीत पत्रावळीसारखं उडणार, हे त्याला माहीत होतं. अशी गाडी ट्रॅकवाले फाटकातूनच परत पाठवतात, हेही माहीत होतं. तो स्टिअरिंगमागे बसला, हेल्मेट घातलं, पट्टा शोधून लावला आणि वर पाहिलं. वर पळसाची फांदी होती आणि तिच्यावर एक कावळा.

खरं तर हर्षाने सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. नवऱ्याचं डोकं आता आयुष्यभर शाबूत राहणार होतं. पण हेल्मेटच्या काचेआड त्याचे डोळे मिचमिचताना दिसले, आणि तिच्याच तोंडून निघालं, “दुसरी गाडी पाहू ना आपण. छपराची.”

“पाहू,” धनराज म्हणाला.

दुसरी गाडी आली नाही. भद्रावतीच्या आसपास लाल गाडी वरातीला जाते. धनराज पहिल्या गिअरमध्ये चालवतो आणि नवरदेव दांडी धरून मागे उभा राहतो. मागच्या वैशाखात एका वरातीत, इतक्या हळू चालूनच, तिची क्लच प्लेट जळाली.