विहिरीवरचं सिम कार्ड

मस्कतला मी एका बांधकाम साहित्याच्या गोदामात हिशेब पाहतो. शुक्रवारी सुट्टी असते. त्या दिवशी कपडे धुऊन झाले की मी क्रेडिट कार्डाचा आठवड्याचा खर्च तपासायला बसतो. खोलीत आणखी दोघं आहेत, एक केरळचा आणि एक सांगलीकडचा. ते दोघं या कामाला माझी पूजा म्हणतात. कार्ड भारतातल्या बँकेचं. घरी ऑनलाइन काही पाठवायचं असलं किंवा वर्षातून एकदा विमानाचं तिकीट काढायचं असलं तरच मी ते वापरतो. त्यामुळे यादी चार ओळींच्या वर सहसा जात नाही.

त्या शुक्रवारी ती सात ओळींची निघाली. वरच्या तीन ओळींतली दुकानं मी कधी ऐकलीही नव्हती. खरेदी डॉलरमध्ये झालेली, आणि तिन्हींची बेरीज अठ्ठावन्न हजार सहाशे बारा रुपये. कार्ड माझ्या पाकिटात होतं. मी ते काढून दोन्ही बाजूंनी पाहिलं, जसं काही त्याच्यावर कुणाच्या बोटांचे ठसे दिसणार होते.

ही रक्कम जवळपास दोन तिकिटांची होती. मे महिन्याच्या सुट्टीत बायको आणि मुलगी पहिल्यांदाच मस्कतला यायच्या होत्या. ओळखीचं एक कुटुंब महिनाभर गावी जाणार होतं, त्यांचं घर मला मिळणार होतं. पिंपळवंडीत मुलीनं वर्गात सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. हे पैसे माझ्या अंगावर पडले असते तर त्या वर्षी तिकिटं निघाली नसती. दुसरी कुठली सोय मी शिल्लक ठेवलेली नव्हती.

बँकेला फोन लावला आणि मराठीचा आकडा दाबला. पलीकडे एक मुलगी आली. आवाज विशीतला, पण कामाला चोख. कार्ड तिनं दोन मिनिटांत बंद केलं. मग म्हणाली, "सर, या व्यवहारांचा आम्हाला आधीच संशय आला होता. आम्ही परवापासून तुमच्या नोंदवलेल्या नंबरवर चार वेळा फोन केलाय."

तो नंबर माझ्या भारतातल्या सिमचा. सिम पिंपळवंडीला घरी होतं, बायकोच्या जुन्या फोनमध्ये. निदान माझी तशी समजूत होती.

"कुणी उचलला नाही का?" मी विचारलं.

"उचलला ना. एक बाई उचलतात."

"काय म्हणते ती?"

"त्या म्हणतात, मोटर बंद आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि काल आमच्या सहकाऱ्याकडून चुकून एकचं बटण दाबलं गेलं, तर म्हणाल्या, मोटर चालू झाली आहे. सर, हा नंबर तुमचाच आहे ना?"

आमच्या भागातल्या माणसाला याच्यापुढे काही सांगायला लागणार नाही. विहिरीवरच्या मोटरीला आता एक पेटी बसवतात. तिच्यात सिम कार्ड घालायचं. घरी बसून त्या नंबरला फोन केला की आतून ध्वनिमुद्रित बाई बोलते. एक दाबलं की मोटर चालू, तीन दाबलं की बंद. आमची पेटी घोडेगावच्या एका मेकॅनिकनं जोडून दिलेली. कुणाचेही फोन घेऊ नयेत अशी तिला सवय लावायची राहून गेली होती. ती सगळ्यांशी बोलायची.

"सर, मी आज दुपारी एकदा शेवटचा फोन करते," मुलगी म्हणाली. "त्याच नंबरवर तुमच्याशी बोलणं झालं पाहिजे. नाही झालं तर तक्रार बंद होईल आणि रक्कम तुमच्या बिलात लागेल."

मी घरी फोन लावला. बायकोला सगळं सांगून विचारलं, "माझं सिम कुठाय?"

"आहे की," ती म्हणाली.

"कुठं आहे?"

"भाऊजींकडं."

"दादाकडं म्हणजे कुठं?"

"अहो, आता काय सांगू? विहिरीवर."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शेती तोच बघतो. तो तिथंच ओट्यावर बसला असावा, कारण त्यानं फोन घेतला. "हे बघ, पेटीतलं सिम बंद पडलं. नवं घ्यायला आळेफाट्याला दोनदा गेलो. माझा अंगठाच उमटंना त्या मशीनवर. दुकानातलं पोरगं म्हनलं, काका, तुमच्या बोटाला रेघाच राहिल्या न्हाईत. मग काय करनार? तुझं सिम नुसतं पडून व्हतं. रिचार्ज तर तू करतोच."

"अरे, पण मला विचारायचं तरी."

"तुमी लगेच हिशेब मागितला असता," मागून बायको म्हणाली. "म्हणून मीच दिलं काढून. भाऊजींना कायबी बोलू नका."

दादाला मात्र वेगळंच काही सुचलं होतं. "थांब, थांब. म्हंजी काल मोटर आपोआप सुरू झाली ती बँकेनं केली व्हय? मी म्हनतोय, ह्या पेटीत भूत शिरलं का काय! अरं, काढणीला आलेला कांदा भिजला की सगळा! बँकेनं कांद्याला पानी दिलं राव!" आणि तो हसायला लागला. त्याला हसू आवरेना, मला हसू येईना.

मी म्हणालो, सिम आत्ताच्या आत्ता काढून आणा. तेव्हा दोघंही टाळाटाळ करायला लागले.

विहीर घरापासून लांब आहे आणि शेवटचा पट्टा उसातून जातो. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. त्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरचं वासरू बिबट्यानं नेलं होतं, आणि पिल्लं घेऊन फिरणारी मादी दोघातिघांनी पाहिली होती. हे मला ठाऊक नव्हतं. घरचे मला अशा गोष्टी फोनवर सांगत नाहीत. शेतीची वीज एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. पेटी बंद असती तर दादाला रात्रीच्या पाळीत त्या उसातून जाऊन मोटर चालू करावी लागली असती. बायकोनं माझं सिम काढून दिलं ते त्यासाठी. हे तिनं मला एका वाक्यात सांगितलं, तेही मी तीनदा विचारल्यावर.

"मग राहू दे," मी म्हणालो. "जाऊ नका."

"राहू दे कसं? अठ्ठावन्न हजार काय झाडाला लागल्यात?" दादा म्हणाला. "आता दिवसाउजेडी जातो की. तू फक्त बोलत राहा."

"मी काय बोलू?"

"कायबी बोल. मोठ्यानं बोल. फोन स्पीकरवर ठेवतो. त्याला मानसाचा आवाज पायजे, म्हंजी तो आपनहून सरकतो."

बायको म्हणाली, मीपण येते, दोघं असलेली बरी. तिनं घरातली काठी घेतली, दादानं तिचा फोन हातात धरला, आणि दोघं निघाली. वस्तीच्या बाहेर पडताच दादा ओरडला, "हं, कर सुरू!"

माणसाला मोठ्यानं काही बोल म्हटलं की नेमकं काहीच सुचत नाही. गाणं मला येत नाही. भजन म्हणायला लागलो असतो तर सांगलीवाल्यानं आयुष्यभर ऐकवलं असतं. शेवटी तोंडातून जे आलं ते पाढे.

"एकोणीस एके एकोणीस! एकोणीस दुणे अडतीस! एकोणीस त्रिक सत्तावन्न!"

"अरं बाबा," दादा म्हणाला, "बिबट्याची काय परीक्षा हाय का?"

"तू चाल. एकोणीस चोक शहात्तर!"

"शाळेतबी ह्याचं असंच व्हतं," तो बायकोला सांगत होता. "आमी चिंचा पाडायचो, हे झाडाखाली बसून मोजायचं."

"अजून तेच करत्यात," ती म्हणाली.

एकोणीसचा झाला, तेविसाचा झाला. स्वयंपाकघरातून केरळवाला हातात झारा घेऊन डोकावला. त्याला वाटलं, मला काही झालं. मी हातानं त्याला ठीक आहे म्हणून सांगितलं आणि एकोणतिसाचा सुरू केला, कारण आता त्यांच्या पायाखाली उसाचं वाळलेलं पाचट वाजायला लागलं होतं. ते फोनमधून ऐकू येत होतं. बायको नि दादा दोघंही बोलायचे थांबले होते. मी आवाज आणखी चढवला. खोलीच्या भिंतीला लागून पलीकडे एक पाकिस्तानी ड्रायव्हर राहतो. त्यानं भिंतीवर दोन थापा मारल्या. मी थांबलो नाही.

मग पेटीचं झाकण उघडल्याचा पत्र्याचा आवाज आला.

"पोचलो," दादा म्हणाला. मग बायकोला हळूच म्हणाला, "हिकडं बघ."

"काय झालं?"

"काय न्हाई. इथं चिखुल झालाय. पाइपाचा जोड गळतोय ना."

"त्यात पावलं हायेत," बायको म्हणाली. तिचा आवाज हळू झाला होता. "एक मोठी. शेजारी दोन बारकी बारकी."

"जुनी असतील," मी म्हणालो.

"पानी कालच सुटलंय की," दादा म्हणाला. "बँकेनं सोडलेलं."

या वेळी कुणी हसलं नाही. मी पुन्हा पाढ्याला लागलो. कितव्या ओळीवर थांबलो होतो तेही आठवेना. असं माझं कधी होत नाही.

सिम निघालं. दादाच्या फोनमध्ये दुसरी जागा रिकामी होती, तिथंच उभ्या उभ्या ते घातलं. रेंज मिळाल्याबरोबर इतके दिवस अडकलेले मेसेज धडाधड येऊन पडले. परत निघावं तर बँकेचा फोन नेमका उसात असताना यायचा, म्हणून दोघं विहिरीच्या कठड्यापाशी, मोकळ्यावर थांबली. पाऊण तास थांबली. त्या पाऊण तासात आम्ही कांद्याचं काय करायचं, मुलीच्या गणवेशाला पुढच्या वर्षी कापड किती लागेल, सगळं बोललो. दर दोन-तीन मिनिटांनी दादा काठी पत्र्यावर आपटत होता.

बँकेचा फोन आला तेव्हा बायकोनं दोन्ही फोन एकमेकांना चिकटवून धरले. एकातून बँकेतली मुलगी, दुसऱ्यातून मी. तिनं माझी जन्मतारीख विचारली, आईचं नाव विचारलं, शेवटची खरी खरेदी कोणती ते विचारलं. तिन्ही व्यवहार माझे नाहीत, असं मी स्पष्ट सांगितलं. तेवढ्यात दादानं पत्र्यावर काठी मारली.

"सर, तुमच्याकडे काही पडलं का?" तिनं विचारलं.

"नाही, ते बिबट्यासाठी," बायको म्हणाली.

मग ती मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही आधी घरी जा. मी तक्रार मान्य करून पुढे पाठवतेय. नंबर बदलायचा असेल तर आत्ताच सांगा, पुन्हा असं उभं राहायला नको."

तिथल्या तिथं मी माझ्या नंबराऐवजी बायकोचा नंबर नोंदवून घेतला. जुनं सिम दादानं परत पेटीत घातलं. परतताना मी पुन्हा पाढे म्हणायला तयार होतो, पण बायको म्हणाली, "आता घसा बसलाय तुमचा. जाताना मीच बोलते." आणि घर येईपर्यंत ती मला मोठमोठ्यानं बोलत होती: परगावी राहून कार्ड कुठं कुठं देता, ते आधी बघत जा, कुठल्या साइटवर नंबर ठेवून दिला होता, दुसऱ्याला सतरा प्रश्न विचारता, स्वतःला कोण विचारणार. तिचा शब्द न् शब्द मी ऐकून घेतला. बिबट्यासाठीच बोलत होती, तर तिला अडवायचं कसं?

पैसे सहा आठवड्यांनी परत जमा झाले. बँकेनं नवं कार्ड पाठवलं ते पिंपळवंडीच्या पत्त्यावर आलं, तिथून एका ओळखीच्या माणसाबरोबर माझ्याकडे. तोवर तिकिटांचे भाव चढले होते, पण आवाक्यात होते. एका शुक्रवारी मी दोन्ही तिकिटं निवडली, नावं पासपोर्टावरून अक्षर अक्षर लावून पाहिली, कार्डाचा नंबर घातला, आणि बायकोला फोन केला.

"आता तुझ्या फोनवर सहा आकडी ओटीपी येईल. तो मला सांग."

"आला," ती म्हणाली.

"हं, सांग."

"तुमीच म्हणाला व्हता ना, कुणी मागितला तरी सांगायचा न्हाई. सख्ख्या भावालाबी न्हाई."

"अगं, मी आहे मी!"

"कशावरनं?" मागे मुलगी खिदळत होती. "आजकाल आवाजबी खोटा काढत्यात, बातम्यांत दाखवलंय. आधी सांगा, मी मस्कतला यावं असं तुमाला मनापासनं वाटतंय, का एकदा बोलवून टाकायचं म्हणून बोलवताय?"

घड्याळ चालू होतं. ओटीपी तीन मिनिटं टिकतो. सांगलीवाला शेजारी बसून ऐकत होता, आणि केरळवाल्याला मराठी कळत नसलं तरी चेहऱ्यावरून सगळं कळत होतं. मी बाहेर गॅलरीत गेलो, दार ओढून घेतलं आणि तिला सांगितलं. काय सांगितलं ते इथं लिहीत नाही.

तोवर वेळ संपून गेली. दुसरा ओटीपी मागवावा लागला. तो तिनं लगेच सांगितला, एकेक आकडा सुटा करून, शाळेत पाढे म्हणून घेतात तसा. तिकिटं निघाली. खिडकीची जागा कुणी घ्यायची यावरून मायलेकींचं तिकडे सुरू झालं होतं, आणि फोन तसाच चालू ठेवून दोघी मला विसरून गेल्या होत्या.