सुभेदारांचे अडकित्ते

कुंडलचे लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन घरी आले, तेव्हा ते आता ऊस लावतील, नाहीतर निवडणुकीला उभे राहतील, असा गावाचा अंदाज होता. त्यांनी अडकित्ते जमवायला घेतले. स्वतः सुपारीचं खांड कधी तोंडात टाकलं नव्हतं, पण अडकित्ता दिसला की हात शिवशिवायचे.

सुरुवात लोणंदच्या बाजारात झाली. तेव्हा बायका घरोघरचं जुनं पितळ मोडीत घालून स्टीलची भांडी घेत होत्या. मोडीच्या ढिगात लालासाहेबांना एक अडकित्ता दिसला. त्याच्या दोन दांड्या म्हणजे दोन मोर, आणि पाती मिटली की मोरांच्या चोची एकमेकींना टेकत. हे आता भट्टीत जाणार, या विचारानं त्यांना कसंसंच झालं. त्यांनी तो उचलला आणि घरी आणला. मग पोपट आले, मासे आले, पाठीला पाठ लावून बसलेलं एक नवराबायकोचं जोडपंही आलं. चार वर्षांत फौजेची काळी ट्रंक भरली.

प्रत्येक नगाची वहीत नोंद होई. आकार, वजन, आणि शेवटी ठरलेला शब्द, ‘पेशवेकालीन’.

“आवं,” त्यांच्या पत्नी विजयमालाबाई एकदा वही चाळून म्हणाल्या, “पेशव्यांनी राज्य कवा केलं? हितं तर समदी सुपारीच कातरत बसलेली दिसत्यात.”

लालासाहेबांनी वही मिटून ट्रंकेत ठेवली.

पंच्याण्णव साली त्यांना आटपाडीच्या सोनाक्काचा पत्ता लागला. तिच्या अडकित्त्याच्या सांध्यावर घोडेस्वार बसलाय, अशी खबर होती. लालासाहेब एसटीनं गेले. खबर खरी निघाली. बोटभर उंचीचा स्वार, पागोटं घातलेला, ताठ बसलेला. म्हातारी मात्र द्यायला तयार होईना.

“मी सुपारी कशानं फोडू? दगडानं?”

दुसऱ्या खेपेला त्यांनी गुळाची ढेप नेली. सोनाक्कानं गूळ ठेवून घेतला, चहा पाजला, अडकित्ता कनवटीला खोचला. तिसऱ्या खेपेला लालासाहेब वहीच घेऊन गेले आणि ओसरीवर बसून नोंद वाचून दाखवू लागले. “मराठा घोडदळाचा सरदार. घोड्याच्या कपाळावर मानाचे दोन तुरे. काळ पेशवाईचा.”

सोनाक्का ऐकत होती. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिला बोलताच येईना.

“सुभेदार, तुरं न्हाईत त्ये. कान हायत. गाढव हाय त्ये.”

“गाढव?”

“आन् वर बसलाय त्यो आमचा ह्यो.” तिनं कोपऱ्यात वाकळ पांघरून बसलेल्या नवऱ्याकडे, गुंडाप्पाकडे, बोट केलं. “माझा सासरा ओतारी. समया, घंटा वतायचा. लगीन झाल्याव ह्येला म्हनला, खरसुंडीच्या जत्रंतनं तट्टू आन, माल न्ह्यायला. ह्यो गाढवाव बसून आला. सासऱ्यानं चार दिवसांत ह्यो अडकित्ता वतला आन् गावाला पान खायला बोलावलं.”

“लय गुणाचं जनावर हुतं,” गुंडाप्पा शांतपणे म्हणाले. “डोळं बघून घेतलं मी.”

लालासाहेबांनी खिशातून पेन काढलं, पण नेमकं काय खोडावं ते सुचेना. घरी सांगितलं, तर विजयमालाबाईंना हसू आवरेना, आणि मग त्यांनाही.

पण फौजी माणूस; चुकलं तर पुन्हा कवायत. लालासाहेब ज्या ज्या घरातून अडकित्ते आणले होते, तिथं वर्षभर परत हिंडले. आता ते आधी काही सांगत नसत, विचारत. कुणी ओतला, कुणाच्या लग्नातला, कातरायचं कोण. वहीतली पेशवाई पानामागून पान संपत आली. मोडवाल्याकडून माग काढला, तर मोरांचा अडकित्ता लोणंदजवळच्या एका सासूनं सुनेला रुखवतात दिला होता, आणि त्यानंतर दोघी वर्षभर एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

सत्त्याण्णवच्या दिवाळीत सांगलीच्या एका शाळेत त्यांनी प्रदर्शन मांडलं. प्रत्येक अडकित्त्याखाली विजयमालाबाईंच्या अक्षरात चिठ्ठी होती, ओतणाऱ्याचं नाव आणि त्या घरची हकिगत. जिथं ठाऊक नव्हतं, तिथं ‘ठाऊक नाही’ असं लिहिलं होतं. लोक मोर बघायला वाकत आणि चिठ्ठीच वाचत राहत.

सोनाक्का आणि गुंडाप्पा आटपाडीहून आले. तिनं दोन दिवसांपुरता अडकित्ता काचेखाली ठेवू दिला. दुपारी जेवण झाल्यावर ती लोकांच्या गर्दीतून पुढं आली, म्हणाली, “सुभेदार, काच उचला जरा.” लालासाहेबांनी उचलली. तिनं उभ्याउभ्या सुपारी कातरली, एक खांड त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते तोंडात टाकलं आणि बराच वेळ चघळत राहिले.

गुंडाप्पा शेजारी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला त्या जनावराचं नाव सांगत होते. लालासाहेबांनी वाकून तेही चिठ्ठीवर लिहून घेतलं. चंद्री.