बटणाएवढ्या फुलाचा उजेड

घरात पाळणा हलला की येणारी प्रत्येक बाई बाळाला आंघोळ कशी घालायची ते सांगून जाते. आमच्या घरात पाळणा नव्हता, समुद्र होता! परतूरच्या बैठकीत, देव्हाऱ्याच्या शेजारी, काचेच्या टाकीत. मग काय, जो येईल तो सल्ला ठेवून जायचा. त्यातून जे किस्से साठले, ते बायका अजून मला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात.

आमचे हे कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झाले आणि गप्प झाले. जेवायला वाढलं की जेवायचे, विचारलं की 'हं' म्हणायचे. पुढं कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी बघितली आणि दोन वर्षांनी आपणहून माझ्याशी बोलले, "कोरल म्हणजे पोवळं. दगड न्हाई बरं का. जीव असतो तो!" मी देवाला हात जोडले. टाकी आली.

माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणतो आम्ही त्यांना, मिठाची पिशवी पाण्यात रिकामी होताना बघत होत्या. म्हणाल्या, "जन्मात भाजीला फोडणी दिली न्हाई, अन् आता पाण्यात मीठ बराबर मोजून राह्यला!"

*

खरी अडचण उजेडाची. कोरलला अन्नासारखा उजेड लागतो, आणि तो कसला द्यायचा हे इकडं कुणाला ठाऊक असणार?

यांचे मित्र रफिकभाई मोटार वायंडिंग करतात. त्यांनी लग्नाच्या मांडवातला फोकस आणून टांगला. पाणी कोमट झालं, मासे दगडाआड लपले.

"भाभी, नवरदेव शरमा गया!" रफिकभाई म्हणाले.

मग त्यांनी दुकानाच्या पाटीवरचा पांढराफेक दिवा लावला. पंधरवड्यात काचेवर हिरवंगार शेवाळ! कोरलं एकेक करून गेली. हे खाली मान घालून बसलेले. रफिकभाई बिचारे काच पुसत म्हणाले, "पीक तो अच्छा आया, भाई. बियाणं चुकलं."

*

शेवटी संभाजीनगरच्या एका मत्स्यालयवाल्याकडून निळा दिवा आला. कोरलला तोच मानवतो म्हणे. संध्याकाळी खिडकीतून सगळी गल्ली निळी दिसायची.

एकदा एक अनोळखी माणूस दारात उभा. आत डोकावून हळूच म्हणाला, "बसायची सोय हाय का?"

आत्याबाई जपमाळ घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, "हाय की! या, बसा. टाळ घ्या. आरती व्हायचीच हाय."

तो माणूस काय समजून आला होता ते त्यांना आजही सांगितलेलं नाही.

*

आता एकच कोरल उरलं होतं. दगडावर बटणाएवढी हिरवी फुलं. हे म्हणाले, "हेबी गेलं तर टाकी काढून टाकतो. जीव घ्यायला आणली न्हाई मी." आणि पुन्हा ते 'हं' वर आले. मला टाकीची नव्हे, त्या 'हं' ची भीती वाटली. मी गुपचूप सोळा सोमवार धरले.

देवळात शेजारच्या काकूंनी विचारलंच, "कशासाठी गं?"

"घरात एक जीव आजारी हाय."

"कोण?"

"लहान हाय अगदी," एवढंच बोलले मी.

दुसऱ्या दिवशी काकू केळी आणि झबलं घेऊन दारात! मी त्यांना टाकीपुढं नेलं. मिटलेल्या त्या फुलांकडं त्यांनी वाकून बघितलं. मग गंभीरपणे म्हणाल्या, "ताप हाय का?"

*

सोमवारी संध्याकाळी मी उपास सोडत होते. दोन घोट पाणी, मग मऊ भात. हे समोर बसलेले. निळा दिवा पूर्ण जोरात, आणि फुलं पांढरी पडत चाललेली.

"उपाशी होतं म्हणून भरपूर उजेड दिला," हे म्हणाले.

"अहो, उपाशी पोटाला एकदम पुरणपोळी वाढलीत की!"

त्यांनी संभाजीनगरच्या त्या मत्स्यालयवाल्याला फोन लावून विचारलं. तो म्हणाला, "बरोबर आहे, आधी मंद ठेवा, हळूहळू वाढवा. काका, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सोमवारांनी!" हे म्हणाले. किती दिवसांनी हसले!

फुलं थोडी थोडी उघडू लागली.

*

मग नवरात्र आलं. घट बसले, अखंड दिवा लागला. हे दोन दिवस शहागडला भाचीकडं गेल्ते, मी स्वयंपाकात. टाकीचा दिवा टायमरवर होता, रात्री आपोआप विझायचा. ते आत्याबाईंना खपेना. "देवाच्या घरात नवरात्राचा दिवा विझतो म्हंजे काय?" त्यांनी टायमर उपटला आणि दिवा सरळ बोर्डात खोवला. अखंड!

हे परतले तेव्हा फुलं मुठीसारखी आवळलेली. त्यांनी टायमर परत लावला. एवढंच म्हणाले, "आई, त्याला रात्र लागते." आणि मला म्हणाले, "दसऱ्याला टाकी रिकामी करतो."

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी आपलं इरकली लुगडं काढलं आणि खुंटीपासून खिडकीच्या गजापर्यंत बांधलं, देव्हारा आणि टाकीच्या मधोमध. टाकी लुगड्याआड गेली, समईचा उजेडसुद्धा पलीकडं जाईना.

त्या म्हणाल्या, "देवीसाठी आपण जागायचं. त्यानं का जागावं? नवस आपला हाय, त्याचा न्हाई."

दसऱ्याच्या सकाळी हे बादली आणि नळी घेऊन आले. आत्याबाईंनी घटातले पिवळे अंकुर उपटून रिवाजाप्रमाणं त्यांच्या कानावर खोवले आणि मध्ये बांधलेलं लुगडं सोडलं.

फुलं उघडली होती. त्यांच्या बुडाशी, गव्हाच्या दाण्याएवढी, दोन नवी.

हे वाकून बघत राहिले. हातातली नळी खाली पडली.

आत्याबाईंनी उरलेले अंकुर टाकीच्या काचेवर ठेवले. "उपासाला बसलं होतं रं ते. आधी पारणं होऊ दे, मंग तुला काय रिकामं करायचं ते कर."

हे माझ्याकडं वळले. "आधी मऊ भात ना गं?" असं म्हणाले, आणि दिव्याचं बटण अगदी हळू फिरवलं.