तयार माणसांचा डबा

माझ्या व्याह्यांइतका रिकामा आणि तरीही सदा कामात बुडालेला माणूस अख्ख्या बेळगावात दुसरा झाला नाही. काम एकच, माणसं तयार करून ठेवायची. जमीनमोजणीच्या कचेरीतून त्यांच्यासारखे रिटायर झालेले लोक देवळात जातात, नाहीतर बागेतल्या बाकावर बसून सरकार चालवतात. आमच्या व्याह्यांची नात, त्यांच्या मुलीची मुलगी, बंगळूरहून सुट्टीला आली आणि जाताना एक खेळ विसरून गेली. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आपलं माणूस काय करतं ते बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. नवख्यांची अडचण नको म्हणून खोक्यात काही माणसं आधीच तयार करून कार्डांवर लिहिलेली होती. सगळ्या खेळात व्याह्यांना तेवढंच आवडलं. ती परदेशी माणसं त्यांनी नातीला परत धाडली आणि स्वतः आपली करायला बसले.

त्यासाठी त्यांना लग्नपत्रिका लागत. कागद जाड, मागची बाजू कोरी. ज्या लग्नाचं बोलावणं नाही त्याचीही पत्रिका मागून आणत, आणि चकचकीत निघाली तर शाई फुटते म्हणून त्या घराला नावं ठेवत. पुढे गणपती आणि मुहूर्त, मागे व्याह्यांचं माणूस : नाव, वय, धंदा, कशाला भितं, जवळ काय बाळगतं, लोकांपासून काय लपवतं. गोष्ट नेहमी तेच सांगत, आणि कुणालाही स्वतःचं माणूस स्वतः करू देत नसत. "करू दिलं की समदे राजे न् सेनापती हुतात, विहीणबाई. मग भाकरी कोण थापणार?" मी म्हटलं, "राजांनाच थापू दे की एकदा." गल्लीतल्या रिटायर वकिलांना त्यांनी पहिल्याच दिवशी मुका चोर दिला. जन्मभर बोलण्याचे पैसे घेतलेला माणूस दुपारभर हातवारे करत बसला आणि घरी जाऊनही म्हणे खुणांनीच जेवण मागितलं. त्यांच्या बायकोनं व्याह्यांना लाडू पाठवले.

ही माणसं एका पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात राहत. राहत म्हणते, कारण व्याही तसंच वागत. भांडणारी दोन माणसं शेजारी ठेवत नसत. कुणाचं कार्ड पालथं पडलं तर उचलून सरळ करत. माझी लेक एकदा मला म्हणाली, "आई, मामंजी डब्याचं झाकण अर्धं उघडं ठेवतात गं. गुदमरतील म्हणतात." आणि स्वतः मात्र चहा बशीत ओतून विसरायचे. तो पार थंडगार झाला की एका घोटात संपवायचे आणि काय कडक गरम चहा झालाय म्हणून सुनेचं कौतुक करायचे.

मी चौथी शिकलेली बाई. वडगावातून दर गुरुवारी लेकीला भेटायला खासबागेत जायची, भाजी निवडत कोपऱ्यात बसायची. खेळही गुरुवारीच असे. मला त्यात रस नव्हता. पण कान उघडे होते. एक कार्ड व्याही कुणालाच देत नाहीत हे माझ्या लक्षात आलं. वकिलांनी विचारलं तर म्हणाले, "ती अजून यायची हाय." कार्डावर लिहिलं होतं : विणकरीण, कन्नड बोलते, डाव्या हाताला सहा बोटं. पाडव्यानंतर शेजारी नवं बिऱ्हाड आलं. त्यातली बाई वाटी घेऊन विरजण मागायला आली, आणि तिनं वाटी पुढे केली तेव्हा मी बोटं पाहिली. अर्धं विरजण मी जमिनीवर ओतलं. व्याह्यांना जराही नवल वाटलं नाही. आत हाक मारून म्हणाले, "आली व्हय? बसा बसा, तुमचं कार्ड तयार हाय." ती बिचारी पुढच्या गुरुवारपासून खेळायला येऊ लागली.

मी योगायोग म्हणाले. मग उद्यमबागेतल्या फौंड्रीतला, एक भुवई भाजलेला माणूस व्याह्यांच्या माडीवर भाड्यानं आला. तसलंच कार्ड आधीपासून डब्यात होतं. खेळात वकिलांनी ते घेतलं आणि फासा वाईट पडून त्याला किल्ल्याच्या तटावरून पाडलं, डावा पाय मोडला. त्याच आठवड्यात भाडेकरू बसच्या पायरीवरून घसरला. डावाच पाय. मी तेव्हाही योगायोगच म्हणाले, फक्त जरा हळू.

मग एका गुरुवारी वकिलांनी डब्यातून कार्ड काढलं आणि मोठ्यानं वाचलं. "म्हातारी. माहेर निपाणीकडचं. लहानपणी तंबाखूच्या वखारीत काम केलेली. कशालाच भीत नाही. लपवते : विहिरीतून आलेली हाक. हाक आली की ओ देते आणि जाते." वकील हसून म्हणाले, "विहीणबाई, ह्या तर तुम्हीच." माझ्या हातातली मेथी खाली पडली. वखारीचं सगळ्यांना माहीत होतं. हाकेचं मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. मुलगी असताना माहेरच्या विहिरीवर पाणी शेंदताना खालून कुणीतरी माझं नाव घेतलं होतं. ये गं, म्हणालं होतं. मी दोर सोडून पळाले. घागर गेली, घरी मार बसला, हाक मात्र मी पोटात ठेवली.

लोक पांगल्यावर मी व्याह्यांना गाठलं. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी न्हाय. माणूस आपणहून येतं, मी उतरवून घेतो."

"खोडा ते."

"लिहिलेलं खोडत न्हाय मी."

"मग फाडा."

"फाडल्यावर काय हुतं ते मला ठाव न्हाय," व्याही म्हणाले. "तुमाला बघायचंय?" मला बघायचं नव्हतं. "पुढल्या खेपेला गोष्टीत विहीर हाय, विहीणबाई. आधीच ठरलीया. वकिलांकडं दिली तर म्हातारी खाली जाईल आणि वर यायचं त्यास्नी सुचायचं न्हाय. तुमीच खेळा."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण फौंड्रीवाल्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, आणि मला एवढ्यात मरायचं नव्हतं. पुढच्या गुरुवारी मी भाजी न घेता बसले.

गोष्ट विहिरीपाशी आली आणि वीज गेली. आमच्याकडे सगळीकडे यंत्रमाग. तो खडखडाट इतका अंगवळणी पडलेला असतो की तो थांबला की कानात दडे बसतात. गल्ली एकदम मुकी झाली. व्याही म्हणाले, "खालनं हाक येती." कार्डावर लिहिलेलंच होतं. मी ओ दिली. वकिलांच्या मुक्या चोरानं दोर धरला, विरजणवालीच्या विणकरणीनं दिवा धरला, आणि मी खाली गेले. फासा बरा पडला, पाय पाण्याला टेकले.

"आलीस?"

"आले," मी म्हटलं. "काय काम होतं?"

"तुझी घागर इथंच राहिली होती."

घागरीचं कार्डावर काहीही नव्हतं. आवाज व्याह्यांचाच होता, म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं. पण मी त्यांच्याकडेच बघत होते, आणि ते त्या वेळी बशी तोंडाला लावून चहा पीत होते.

मी घागर घेतली. दुसरं काय करणार? "वर ओढा," म्हटलं. वकिलांनी फासा टाकला. एक पडला, सगळ्यांत वाईट आकडा. मुका चोर असूनही वकील बोलले, "सुटला. दोर सुटला माझ्या हातातून."

गोष्ट सांगणाऱ्यानं कधी कार्ड घ्यायचं नाही, हा व्याह्यांचाच नियम. सणावारीसुद्धा त्यांनी तो मोडला नव्हता. त्यांनी बशी खाली ठेवली, एक कोरी पत्रिका ओढली, भराभर लिहिलं आणि सगळ्यांना दिसेल अशी मधोमध ठेवली : मोजणीचा म्हातारा. दोर धरतो. फासा टाकला, तो जेमतेम पुरेल एवढा पडला. "या वर, विहीणबाई," म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी वर आले म्हटलं आणि वीज आली. माग पुन्हा सुरू झाले. कधी नव्हे ते मला बरे वाटले.

त्या महिन्याअखेर व्याह्यांना अर्धांगाचा झटका आला. साखर होती, वय झालं होतं, पथ्य कधी पाळलं नाही. मी दुसरं काही म्हणणार नाही. दवाखान्यात भेटायला गेले तर नर्स लेकीवर वैतागली होती. "उजवी मूठ उघडतच नाहीत. नखं रुतलीत तळहातात. किती सांगितलं तरी सोडत नाहीत." लेक रडत होती. लुळी पडली होती ती डावी बाजू, उजवा हात धडधाकट होता. कार्डावर काय लिहिलं होतं ते मला आठवलं. दोर धरतो, एवढंच लिहिलं होतं. सोडायचं लिहायचं राहिलं होतं.

मी खाटेपाशी वाकले. "अहो, सोडा आता. वर आलेय मी. घागरसुद्धा आणलीय."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे नीट बघितलं, मोजणीवाल्यानं बांध बघावा तसं. मग एकेक बोट सुटलं. संध्याकाळी ते गेले.

डबा लेकीनं मला दिला. तिला तो घरात नको होता. गुरुवारी आम्ही आता माझ्याकडे वडगावात बसतो. गोष्ट वकील सांगतात, वाईट सांगतात, फार बोलतात. नवीन कुणी आलं तर डब्यातून तयार माणूस देतो, पण मोजणीचा म्हातारा कुणाला देत नाही. ते कार्ड मी माझ्याशेजारी सरळ ठेवते. लिहिलेलं खोडायचं नाही हे मला माहीत आहे. भर घातलेली चालते का, ते त्यांना विचारायचं राहिलं. मी न विचारताच माझ्या चौथीतल्या अक्षरात खाली एक ओळ लिहिली : चहा बशीत ओतून विसरतो. तेव्हापासून दर गुरुवारी त्या कार्डापुढे एक बशी ठेवते. उठताना चहा थंडगार झालेला असतो. तो मीच पिते आणि कडक गरम झालाय म्हणते.

झाकण अर्धं उघडं ठेवते.